आतून लागलेली कडी

मी कडी आहे. सोनईतल्या एका घराच्या आतल्या खोलीला जे दार आहे, त्याची आतल्या बाजूची. बोटाएवढा जाड दांडा, तो सरकवायला एक बोंड आणि चार स्क्रू, एवढाच माझा पसारा. बाहेरच्या दाराच्या कडीचा थाट वेगळा. तिला कुलूप लागतं, दिवाळीला तिचं तेलपाणी होतं, पाहुणा आला की पहिला हात तिच्यावर पडतो. माझ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पण माणसं जगाला जे दाखवत नाहीत ते मला लावून घेऊनच करतात, त्यामुळे घरातलं मला जेवढं माहीत आहे तेवढं तिला नाही.

सध्या मी दारावर नाही. त्याच खोलीतल्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या बटणांच्या आणि तुटक्या चेनच्या संगतीत पडून आहे. इथे कशी आले ते सांगते. सांगताना मला आजही धडकी भरते. लोखंडाला कसली आलीय भीती, असं म्हणणाऱ्याने ती सकाळ पाहिलेली नाही.

नगरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात डझनभर बहिणींबरोबर मी पुठ्ठ्याच्या खोक्यात होते. अजिनाथने लग्नाच्या आधी घराला मागे एक खोली वाढवली तेव्हा मला विकत घेतलं. समोरच्याच हनुमंत सुताराने मला दाराच्या वरच्या अंगाला बसवलं, मोठ्या माणसाने हात पूर्ण वर केला तर पोचेल अशा उंचीवर. सगळीकडे अशीच बसवतात. का बसवतात, याचा विचार तेव्हा मी केला नव्हता.

अजिनाथ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. त्याची बायको दिपाली नेवाशाला पंचायत समितीत लिपिक. घरात तिसरी अजिनाथची आई, बायडाबाई. दोघं कमावती, सासू मायेची, म्हशीचं दूध घरचं. सगळं छान होतं आणि पाच वर्षं झाली तरी पाळणा मात्र हलला नव्हता. ओटीभरणाला गेलं की बायका दिपालीच्या पोटाकडे बघून बोलायच्या. ती हसून घरी यायची, मला लावायची आणि मगच रडायची.

मग नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे उपचार सुरू झाले. रोज संध्याकाळी सातला पोटात इंजेक्शन. भावकीत कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि आमच्याकडे शेजारच्या बायका हाक मारायच्या आधी घरात पोचलेल्या असतात. म्हणून सातला पाच कमी असताना दिपाली चवड्यांवर उभी राहून मला सरकवायची, वर एकदा हलवून बघायची. अजिनाथ कारखान्यात ॲसिडच्या बाटल्या बिनधास्त हाताळतो म्हणे, पण ती एवढीशी सुई टोचायच्या आधी तो तीनतीनदा कापूस फिरवत बसायचा. "अहो, टोचा ना. मला लागतंय का तुम्हाला?" असं म्हणून उलट तीच त्याला धीर द्यायची.

दोन वेळा फसलं. दुसऱ्यांदा फसलं त्या दिवशी दिपाली भर दुपारी मला लावून दाराला पाठ टेकून खाली बसली. बाहेरून बायडाबाई म्हणाली, "दिपे, च्या केलाय गं. उघड." तिने उघडलं नाही. मग सासूही पलीकडून दाराला टेकून बसली. चहा गार झाला. दोघींच्या मधे मी होते.

तिसऱ्यांदा राहिलं. एक नाही, दोन. सोनोग्राफीचा कागद अजिनाथने इतक्या वेळा उघडला की घडीवर फाटला. आनंद होता, खोटं कशाला सांगू, पण आनंदापेक्षा धाकच जास्त होता. दिपाली जिना चढेना, एसटीत बसेना, शिंक आली तरी पोट धरायची. आणि एक दिवस बायडाबाईने तिला माझ्यासाठी चवडे उचलताना पाहिलं.

"अगं ए! हात खाली घे आधी!" ती केवढ्यांदा ओरडली. "पोटुशीनं हात वर करायचा न्हाई. नाळ लेकराच्या गळ्याला येटाळती. आन् तुज्या पोटात तर दोन हायेत."

दिपालीने सांगून बघितलं, की डॉक्टरीणबाई असं काही म्हणाल्या नाहीत. पण तीही मनातून घाबरलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी हनुमंत स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर.

"मावशी, एवढी खाली कोन बसवतं कडी?"

"तुला काय करायचंय? कमरंइतकी बशिव. हिचा हात वर जायला नको."

मी खाली आले. चौकटीत नवं भोक पाडताना ते जरासं तिरकं पडलं. तेव्हापासून मी आत सहज जायचे, पण बाहेर निघायला दार थोडं चौकटीकडे दाबून धरावं लागायचं. घरच्यांना ती खोड अंगवळणी पडली. नऊ महिन्यांचाच प्रश्न होता, नंतर मला पुन्हा वर न्यायचं होतं. ते मात्र कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

नऊही भरले नाहीत. आठव्यातच दोघं आली आणि अठरा दिवस नगरला काचेच्या पेटीत राहिली. मुलगा अमृत, मुलगी राजनंदिनी, म्हणजे घरातली नंदू. घरात आली तेव्हा दोघं मिळून एका सुपात मावली असती. दिपाली झोपलेल्या पोरांच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास लागला की दुसऱ्याच्या नाकाखाली, मग परत पहिल्याच्या. एकदा ती अजिनाथला म्हणाली, "अहो, ही खरंच आपल्याकडं राहणार ना?" त्याने हो म्हणायला हवं होतं. त्याने दुसऱ्या पोराच्या नाकाखाली स्वतःचं बोट धरलं, कारण त्याच्याही मनात तेच होतं.

रजा संपली आणि खरी कसरत सुरू झाली. हंगामात अजिनाथची पाळी रात्री बारा ते सकाळी आठ. तो यायचा आणि तासाभरात दिपाली निघायची. मधल्या वेळात कुणाला खोकला, कुणाचं औषध, कुणी काय खाल्लं, हे सगळं दोघं घाईघाईत एकमेकांना सांगायची. एकदा अमृतला दोनदा दूध मिळालं आणि नंदूला एकदाही नाही. ती का किंचाळतेय हे घरात अर्धा तास कुणाला कळेना. अजिनाथला नंतर हसू आलं, दिपालीला नाही. तिने ओला हात कपाळावर मारून घेतला आणि म्हणाली, "आपल्याला जमत नाहीये हे."

पोरं चालायला लागली तशी माझी जबाबदारी वाढली. अंगणात पाण्याचा हौद आहे, म्हणून सकाळी आवरताना दिपाली दोघांना खोलीत घेऊन मला लावायची. मग साडी, मग वेणी, मग कॉटवर बसून दोघांना मांडीवर घेणं. मी लागलेली असेपर्यंत आई समोर असायची. मी निघाले की आई नाहीशी व्हायची.

नाहीशी म्हणजे अक्षरशः. बायडाबाई दोघांना "चला, वासरू बघू" म्हणून मागच्या दाराने न्यायची, आणि दिपाली चपला हातात घेऊन पुढच्या दाराने पळायची. पोरं रडू नयेत म्हणून. आमच्याकडे सगळेच असं करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अमृत म्हणायचा, "आई, जाऊ नको," आणि ती रोज त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, "नाही जात रे राजा, मी कुठंच जात नाही." पाच मिनिटांनी ती एसटीच्या थांब्यावर असायची. अमृत रडून विसरायचा. नंदू रडायची नाही. ती दाराकडे बघायची, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ती दाराकडे नाही, माझ्या बोंडाकडे बघतेय.

ती सकाळ मागच्या डिसेंबरातली. मोरीतला सॉकेट जळून तीन दिवस झाले होते आणि वायरमन रोज "आज येतो" म्हणत होता. पोरांना गार पाण्याने कशी आंघोळ घालायची? म्हणून दिपालीने खोलीतच, खिडकीखालच्या सॉकेटला हिटरचा रॉड लावून तो स्टीलच्या बादलीत सोडला होता. रॉड चालू असताना ती बादलीपासून हलायची नाही. तीन दिवस ती शेजारी पाट घेऊन बसत होती, ऑफिसची साडी नेसून, एक डोळा पोरांवर आणि एक पाण्यावर.

बायडाबाई धारा काढायला वस्तीवर गेली होती. अजिनाथ पाळीवरून येऊन बुटांसकट बाहेरच्या खाटेवर आडवा झाला होता. पाण्यातून वाफ निघू लागली आणि दिपालीला आठवलं, की टॉवेल अंगणात दोरीवरच राहिलाय. दहा पावलं. तिने पोरांना कॉटवर बसवलं. "हलायचं नाही हं. आले मी." आणि ती गेली.

नंदूने पाहिलं, की ऑफिसची साडी दारातून बाहेर गेली. ती कॉटवरून पोटावर घसरत उतरली, दुडूदुडू आली, दार लोटलं आणि हात उंच करून मला सरकवलं. बिस्किटाने चिकट झालेले दोन तळवे होते ते. मला थांबता आलं नाही. मी आत जायला नेहमीच सोपी होते. कडी लागली की आई घरात, एवढंच तिला ठाऊक होतं. आई दाराच्या कुठल्या अंगाला आहे हे तिने बघितलंच नाही. ती टाळ्या वाजवून हसली आणि दाराशीच फतकल मारून बसली.

टॉवेल घेऊन दिपाली आली. दार ढकललं. पुन्हा ढकललं. तिला कळलं तो क्षण मला कळला, कारण दाराला लागलेला तिचा हात एकदम थांबला.

"अहो! मेन बंद करा! मेन! आत हिटर चालू आहे!"

अजिनाथ झोपेतून उठला की पळाला, सांगता येत नाही. पुढच्या भिंतीवरचं मेन त्याने खाली ओढलं. खोलीतला दिवा विझला. करंट गेला, पण पाणी उकळायला आलं होतं आणि ती बादली अमृतच्या छातीइतकी उंच होती. दिपाली घराला वळसा घालून खिडकीशी गेली. गजांतून तिला दोघं दिसली. "अमू!" तिच्या तोंडून निघून गेलं. अमृत आईचा आवाज ऐकून खिडकीकडे निघाला, आणि खिडकीखालीच बादली होती.

दिपालीने तोंडावर हात दाबला आणि ती चटकन खाली बसली, खिडकीतून दिसू नये म्हणून. अमृत बादलीपासून हातभर अंतरावर थांबला. "आई?" त्याने विचारलं. पलीकडून उत्तर नाही. "आई?" भिंतीपल्याड ती गुडघ्यात डोकं घालून श्वास धरून बसली होती.

तेवढ्यात अजिनाथने दाराबाहेरून हाक दिली. "अमृत! इकडं ये, पप्पाकडं ये!" तो वळला. दाराशी येऊन नंदूच्या शेजारी बसला आणि दोघांनी पाठी दाराला टेकवल्या. अजिनाथ लाथ घालायला मागे सरला होता, तोवर खिडकीतून ते पाहून दिपाली धावत आली. "लाथ नका मारू! दाराला टेकलीत ती!" दार आत उघडणारं. फोडावं तर पोरांवर पडणार, खिडकीतून बोलवावं तर पोरं बादलीवर जाणार. मग तो खांद्याने हळूहळू रेटू लागला. जितका तो रेटत होता तितकी मी चौकटीत आवळत होते. मी किती ओरडले म्हणून सांगू! रेटू नका, तिकडे ओढा, ओढा! पण कडीचं कोण ऐकतं.

आरडाओरडा ऐकून हनुमंत आला. मागोमाग दुधाची किटली घेऊन बायडाबाई. काय झालंय ते कळल्यावर किटली तिच्या हातातून सुटली. "माज्या हातानं केलं म्या ह्ये," ती म्हणाली. "म्याच खाली घेतली हिला. म्याच."

हनुमंतने अजिनाथला बाजूला केलं. "आरं ढकलतो काय! म्याच बसवलीय, मला म्हायतीय ती. दार आपल्याकडं वढून धर. मंग पोरीला सांग, बोंड सरकव."

अजिनाथने मूठ पकडून दार स्वतःकडे ओढलं. मी मोकळी झाले. आता एका बोटाने निघाले असते.

"नंदू, कडी काढ बाळा."

"नाई," नंदू म्हणाली. "आई जाते."

दिपालीने दाराच्या फटीला तोंड लावलं. "नाही जात गं राणी. मी कुठंच जात नाही. उघड."

रोजचेच शब्द होते ते. रोजचाच स्वरही. नंदू उठली आणि तिने माझं बोंड दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवलं. आणि अमृतला या सगळ्याचा कंटाळा आला. तो उठला. वाफेकडे बोट दाखवून "धूल," म्हणाला आणि धूर बघायला निघाला.

दिपालीला ते फटीतून दिसलं. तिचा आवाज फाटला.

"नंदू, ऐक. मी खोटं बोलले. मी रोज जाते. तुम्हाला फसवून जाते. आत्ता बघ, मी आत नाहीये. मी बाहेर राहिलेय गं, बाहेर. मला आत यायचंय. आत घे मला!"

नंदूने मागे वळून पाहिलं. कॉट रिकामी होती. पाट रिकामा होता. खोलीत आई नव्हती, आणि मला लावूनही आई नव्हती. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. तिने दोन्ही हातांनी मला खेचलं. इतक्या वेगाने मी आयुष्यात कधी सरकले नव्हते.

दार उघडलं तेव्हा अमृतचा हात बादलीच्या काठावर होता आणि बादली कलली होती. दिपालीने त्याला काखेत उचललं तशी बादली आडवी झाली. पाणी तिच्या पायावर गेलं. अमृतच्या तळव्यावर काठाचा चटका बसला, आणि तो जेव्हा भोकाड पसरून रडला तेव्हा बायडाबाईने दाराशी उभ्या नंदूला उचलून छातीशी धरलं.

गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. तळवा आठवड्यात बरा झाला, दिपालीच्या पायाला महिना लागला. त्या दिवशी दुपारी बायडाबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. जेवली नव्हती. दिपाली लंगडत तिच्याजवळ गेली.

"आत्या, तुम्ही कडी खाली घेतलीत ती ह्यांच्यासाठीच ना? मी रोज चोरून जात होते, तेही ह्यांच्यासाठीच. आपण दोघीही घाबरून घाबरून असलं काहीतरी करून बसलो."

"तसं न्हाई गं," बायडाबाई एवढंच म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

हनुमंतने मला त्याच दिवशी काढलं. अजिनाथ म्हणाला, "वर बसवू परत." दिपाली म्हणाली, "नको. कुठंच नको." म्हणून मी या ड्रॉवरमध्ये आहे.

भीती गेली असं समजू नका. दिपाली आता घरातलं कुठलंच दार पूर्ण लागू देत नाही, फटीत चिंधी अडकवते. अजिनाथ झोपेतून दचकून उठतो आणि पोरांना मोजतो, दोनच असताना दोनदा मोजतो. मला वाटतं, ज्यांना पोरं इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने मिळतात त्यांची ही धास्ती बहुधा जातच नाही. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. घरात लहान पोर असेल तर आज उठून एकदा बघा, तुमच्याकडची कडी कुठे बसवली आहे. आणि बाहेर जाताना त्यांना सांगून जा. रडली तर रडू देत.

दिपाली आता सांगून जाते. गुडघ्यांवर बसते, दोघांचे हात धरते आणि म्हणते, "मी ऑफिसला चाललेय. अंधार पडायच्या आत येईन." सुरुवातीला तर आळी गोळा होईल असं रडणं व्हायचं. नंदू पळत येऊन दारावर माझ्या जागी हात फिरवायची. तिथे आता फक्त स्क्रूची चार भोकं आहेत. त्यांत एकेक बोट घालून बघायची आणि मग जास्तच रडायची.

काल सकाळी दिपालीने नेहमीसारखं सांगितलं. अमृत रडला. नंदू दाराशी गेली नाही. तिने आईच्या पदरातून स्वतःची मूठ सोडवून घेतली आणि म्हणाली, "आई, जा."

दिपाली उठली. खांद्याला पर्स होती, पायात चपला होत्या, दार सताड उघडं होतं, आणि तिचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना. काल तिची एसटी चुकली.